तांब्याला तोंड न लावता

सोलापुरातल्या त्या दुपारचा एकेक तपशील माझ्या मनात आजही जसाच्या तसा आहे. सत्तरच्या दशकात महिला फौजदार ही नवलाईची गोष्ट होती आणि त्या नवलाईला सर्वांत आधी मीच कंटाळले होते. विज्ञान शाखेत मानसशास्त्र शिकून मी खात्यात आले होते. वाट्याला मात्र हरवलेली मुले आणि सासू-सुनांचे तंटे येत. मला तपास हवा होता.

तो एका मेंढपाळाने आणला. सकाळीच ठाण्यात येऊन तो म्हणाला, “बाई, मैंदर्गीच्या वाटंला एक ट्रक हुबा हाय. डायवर येड्यावानी बसलाय अन् माल काय दिसंना.”

आदल्या संध्याकाळी चादरींचे गठ्ठे घेऊन शहरातून निघालेला तो ट्रक होता. चालकाच्या कपाळावर टेंगूळ होते. नाव विचारले, तर “न्हाय ठावं.” गाव विचारले, तरी “न्हाय ठावं.” डॉक्टरांनी तपासून सांगितले की मार किरकोळ दिसतो, परंतु डोक्याच्या बाबतीत छातीठोकपणे काही सांगता येणार नाही.

ट्रकबरोबर गेलेला क्लीनर आपल्या घरी, मांडवाची दोरी बांधताना सापडला. “उस्तादनंच मला वाटंत उतरवलं,” तो सांगत होता. “म्हनला, उद्या हळद हाय तुझी, जा घरला.” हे खरे की खोटे, ते सांगू शकणारा माणूस एकच, आणि तो स्वतःचे नावही विसरला होता. ट्रकच्या मालकाने क्लीनरवर संशय घेतला आणि क्लीनर कोठडीत गेला. वरिष्ठ निरीक्षकांनी निर्णय दिला, “संध्याकाळपर्यंत काही निघालं नाही, तर सकाळी कोर्टापुढे उभा करून पोलीस कोठडी मागू.” म्हणजे हळदही गेली आणि लग्नही गेले. त्याची आई ठाण्याच्या पायरीवर बसून होती. “फौजदारबाई, मुलीकडची मान्सं मांडवात बसल्यात. काय सांगू त्यास्नी?”

मी चालकाची चौकशी मागून घेतली. “घ्या,” निरीक्षक हसून म्हणाले. “हीही एक हरवलेल्याचीच केस आहे.”

आपण ‘स्मृती’ हा शब्द एकवचनी वापरतो; दीर्घकाळ टिकणाऱ्या स्मृतीचे प्रकार मात्र अनेक आहेत. काल आपण कुठे होतो, कोणाला भेटलो, ही घडलेल्या प्रसंगांची स्मृती. ऊस गोड असतो, मिरची तिखट असते, ही ज्ञानाची स्मृती. सायकल चालवणे, गाठ मारणे ही कौशल्याची स्मृती. ती शब्दांत सांगता येत नाही, पण हातापायांत मुरलेली असते. डोक्याला मार बसला, तर बहुधा मागचे-पुढचे प्रसंग पुसले जातात. मुरलेली कौशल्ये सहसा शाबूत राहतात.

या चालकाचे सगळेच गेले होते. त्याला बिडी ओढता येईना. सदऱ्याची गुंडी लावता येईना. पाण्याचा पेला हातात दिला, तर तो उलटसुलट करून पाहू लागला. अखेर हवालदारांनी तो त्याच्या तोंडाला लावला.

हवालदार हळहळले. “बाई, पार कोरी पाटी झाली हो याची.”

“फारच कोरी,” मी म्हणाले.

जेवणाची वेळ झाली होती. हवालदारांच्या डब्यात कडक भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा असे. त्या ठेच्याच्या वाटेला ठाण्यात कोणी जात नसे. मी चालकाला स्पष्ट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “हवालदार, असा रुग्ण ओळखायची एक खूण आहे. त्याला तिखट गोड लागतं.”

हे शास्त्र मी त्याच क्षणी रचले होते. तिखटाने जीभ पोळते, त्याचा स्मृतीशी काडीचाही संबंध नाही. हवालदारांनी माझ्याकडे पाहिले, मग डबा चालकापुढे सरकवला. “घ्या पावणं. बळजबरी न्हाय.”

चालकाने भाकरीच्या तुकड्यावर ऐटीत भरपूर ठेचा घेतला आणि तोंडात टाकला.

“कसा आहे?” मी विचारले.

“गोड हाय की,” तो म्हणाला.

“आणखी घ्या.”

त्याने घेतला. कानांच्या पाळ्या लाल झाल्या, डोळ्यांतून धारा लागल्या. “लई गोड हाय,” तो कसाबसा म्हणाला, आणि पुढच्याच क्षणी ताडकन उठला. कोपऱ्यातला पाण्याने भरलेला तांब्या उचलून, मान मागे टाकून, त्याने तो हातभर उंच धरला आणि ओठांना न लावता घटाघट रिकामा केला. धार सरळ घशात पडत होती. सदऱ्यावर एक थेंब सांडला नाही.

आपण काय केले, हे तांब्या खाली ठेवताना त्याच्या ध्यानात आले.

“पेला धरता येत न्हवता पावण्यांना,” हवालदार शांतपणे म्हणाले. “आता नावबी सांगून टाका.”

त्याने आधी साखर मागितली, मग नाव सांगितले. क्लीनरला मुद्दाम उतरवल्याचे, टेंगूळ स्वतःच करून घेतल्याचेही कबूल केले. गठ्ठे मेहुण्याच्या शेतात, कडब्याच्या गंजीखाली होते. पंचनामा करून माल घेऊन आम्ही परतलो, तेव्हा ऊन कलले होते. क्लीनरच्या सुटकेची नोंद निरीक्षकांनी स्वतःच्या हाताने केली.

पुढच्या साऱ्या नोकरीत मी ही कसोटी वापरली. माणसाला काय आठवते, याआधी त्याला काय विसरता येत नाही ते पाहावे. परीक्षेसाठी पाठ केलेल्या व्याख्या आता मलाही धड आठवत नाहीत. ती पाण्याची धार मात्र लख्ख दिसते.

त्या संध्याकाळी आम्हीच मुलाला मांडवापर्यंत पोचवले. त्याच्या आईला आनंदाच्या भरात भान राहिले नाही. हळदीच्या हातांनीच तिने माझे दोन्ही दंड धरले. सकाळच्या परेडला निरीक्षक माझ्यासमोर थांबले. “बाहीवर हे काय?”

“मुद्देमाल, साहेब,” मी म्हणाले.

त्या दिवसापासून मला हरवलेल्या मुलांच्या केसेस मिळणे बंद झाले.