वसंतकाकांनी पिना मारलेली दोन पानं

रोह्याचे रेडियमवाले वसंतकाका गेले.

तेच, ज्यांच्यावर आपण सगळे इथे पोट धरून हसलो होतो. पोस्ट माझीच होती.

आज त्यांचं तेरावं. निडीला त्यांच्या घरी जाऊन आत्ताच पेणला आले, आणि आधी हे लिहायला बसले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी धाटावला एका कंपनीच्या लॅबमध्ये आहे. संध्याकाळी कंपनीची बस रोह्याला सोडते, तिथून पेणची एसटी. मधल्या वेळात स्टँडसमोर काकांचं दुकान. नंबरप्लेट, रिक्षांच्या मागची नावं, बाईकवरचे स्टिकर. सगळं हाताने, ब्लेडने.

स्कूटीची नंबरप्लेट करायला गेले, तेव्हा काउंटरवर एक जाडजूड पुस्तक उघडं होतं. काळंपांढरं, चित्रांचं, इंग्रजी.

"कॉमिक्स वाचता?" मी विचारलं. जरा हसतच.

"वाचत नाय, बघतो. इंग्रजी आपल्याला कुठं येते? तुला येते ना? मग बस, सांग हा काय बोलतोय."

बसले. पहिली एसटी गेली. दुसरीही गेली.

मुंबईला रेडियमचे रोल आणायला गेले की जुन्या पुस्तकांच्या ढिगातून ते ही पुस्तकं शोधून आणायचे. त्यांत कुणी उडायचं नाही. कुणी जग वाचवायचं नाही. बायको सोडून गेलेला न्हावी. लढाईवरून परत आलेला, झोप न येणारा बाप. हळूहळू सगळं विसरत चाललेली शाळेतली बाई.

बाईकवाल्यांना मात्र सुपरहिरोच हवे असायचे. काका ते भराभर कापायचे, आणि झकास कापायचे.

"हा एवढा उडतो गो. पण ह्याला कधी भाजी आणताना बघितलास?"

एका पुस्तकात एक माणूस दोन पानं भरून नुसता अंडं उकडत उभा आहे. मी पान उलटलं. काकांनी परत मागे आणलं.

"थांब. पाणी उकळून आटत आलं, तरी हा गॅस बंद करत नाय. का? घरात कोण नाय ह्याच्या. कुठं लिवलंय? कुठंच नाय. रेडियम कापताना आम्ही नको तेवढं सोलून टाकतो ना, तसं केलंय ह्या माणसाने."

एम.एस्सी. करून मला ते दिसलं नव्हतं. माझी नजर शब्द शोधत होती.

पंचेचाळिशीच्या बाईने कॉमिक्स वाचावं का, हे विचारणं मी त्या दिवसापासून सोडलं. त्याआधी पुस्तकाला घरी ब्राऊन पेपर घालायचे, हेही कबूल करते.

मग बाबा गेले.

प्लँटमध्ये मोबाईल नेता येत नाही, तो लॉकरमध्ये. बाहेर आले तर ताईचे सतरा मिस्ड कॉल. पेणला हॉस्पिटलमध्ये पोचले, तेव्हा पलंगावरची चादरसुद्धा बदलून झाली होती.

हे मी कुणालाच नीट सांगितलं नव्हतं. काकांना सांगितलं. ते एका रिक्षाचं नाव सोलत होते. सोलत राहिले.

पुढच्या महिन्यात त्यांनी गिरणीत काम करणाऱ्या एका बाईची गोष्ट दिली. मध्येच समोरासमोरची दोन पानं तिन्ही कडांनी स्टेपल केलेली.

"हे काय, काका?"

"तुझ्यासाठी नाय ती पानं."

मी काय समजायचं ते समजले. घरी येऊन पिनांचा फोटो काढला आणि इथे टाकला. "आमच्या रोह्याच्या सेन्सॉर बोर्डाला भेटा." तुम्ही सगळे तुटून पडलात. कुणी लिहिलं, काकांना सांस्कृतिक मंत्री करा. मी प्रत्येक कमेंटला हसण्याचा इमोजी दिला.

स्टँडवरच्या कुणीतरी त्यांना ते मोबाईलवर दाखवलं. दुसऱ्या दिवशी मी चोरासारखी दुकानात गेले.

"ये गो. नाव काढलंस माझं. सकाळपासून चार जण हसून गेले."

"रागावलात?"

"छ्या. चहा सांगू?"

"मग आता काढू का पिना?"

ब्लेड थांबलं. "आत्ता नको. पुढं कधी तरी काढ."

"म्हातारी झाल्यावर का?"

"तसंच समज."

पिना न काढता मी पुस्तक परत दिलं. त्या दिवशीच्या डायरीत लिहिलंय, "शब्द पाळला. स्वतःबद्दल बरं वाटलं." आज वाटतं, शब्द वगैरे काही नव्हतं. पिना बंद असण्यातच माझा विनोद होता.

आज काकींनी पिशवी हातात दिली. "घेऊन जा गो. ह्या वयात चित्रांची पुस्तकं, म्हणून मी आयुष्यभर ओरडले त्यांना. तुझ्याशिवाय कोण बघणार ती?"

येताना एसटीत पिना काढल्या. नखाने, एकेक.

नागडं-उघडं काहीच नव्हतं.

सहा चौकटी. अंधारी खोली, खुंटीवर एक कोट, कोटाच्या खिशात वाजणारा फोन. बाई तिकडे यंत्रावर. मग ती धावते. मग एक पलंग, आणि चादरीची घडी घालणारी नर्स.

एक शब्द नाही.

मला खरं कारण सांगितलं असतं, तर ती पोस्ट मी त्याच क्षणी काढली असती. पण मग त्या पानांवर काय आहे, तेही कळलं असतं. म्हणून हा माणूस गावाचं हसं सोसत राहिला आणि मला चहा पाजत राहिला.

ती पोस्ट मी डिलीट करत नाही. हे तिच्याखाली जोडते आहे. तेव्हा हसला असाल, तर हेही वाचा.

काका, पिना काढल्या.

बघितलं.

बघवलं.

या आता. नमस्कार.