काटा नव्हता तो

"काट्याएवढं टोचलंय आणि केवढा तमाशा. तुम्ही रानातली माणसं, तुम्हाला सवयच असते की."

सुपरवायझर बाई बोलली. माझ्या अंगठ्यातनं रगत गळत होतं आन् तिची मान मोबाइलातनं वर येत नव्हती.

खोपोलीच्या एका खाजगी दवाखान्यात मी साफसफाई करते. तिथं आमाला मावशी म्हणतात. माझ्यापेक्षा मोठा डॉक्टर बी मला मावशीच म्हणतो. नाव विचारायची तसदी नको.

त्या दिवशी वॉर्डातली कचऱ्याची पिशवी उचलली आन् आतली उघडी सुई अंगठ्यात घुसली. सुया टाकायला वेगळा डबा असतो. डबा खाटेच्या पल्याड होता, डॉक्टरला वळायचा कंटाळा आला. हात माझे उघडे. जाड मोजे हायेत दवाखान्यात, पण ते कपाटात.

डॉक्टर तिथंच उभा होता. मी विचारलं, "सायेब, ही सुई कुणाची? त्याला काय आजार हाय?"

"तुला काय करायचंय? साबणाने हात धू."

"माझी पोर अंगावर पिते. पाजू का नको?"

तो सिस्टरकडं बघून हसला. सिस्टर बी हसली.

करवंदीचा काटा रुतला तर आमी दुसऱ्या काट्यानं काढतो आन् पुढं चालतो. पण काटा दुसऱ्या कुणाचं रगत घेऊन येत नाय. एवढं तर त्या शिकलेल्याला कळायला पायजे होतं.

पळसदरीच्या वरच्या अंगाला आमची वाडी. घरी पोचले तशी पोर झेपावली, पोलकं ओढायला लागली. मी तिला लांब धरलं. सासू वसकली, "पाज गं तिला. का छळतीस लेकराला?" काय सांगू? मागच्या दारी गेले आन् छाती पिळून दूध मातीत सांडलं. आत पोर रडत होती. सासूनं पेजेचं पाणी चमच्यानं पाजलं, ते तिनं थुंकलं.

सकाळी सरकारी दवाखाना गाठला. तिथली सिस्टर म्हणाली, "कालच यायचं गं. ज्याची सुई, त्याचं रक्त तपासलं असतं तर कळलं असतं." गोळ्या दिल्या. रगत परत तपासायचं, तोवर पाजायचं नाय. मी तशीच कामावर गेले आन् बाईला म्हटलं, त्या पेशंटला शोधा. ती म्हणाली, "त्याला कधीच घरी सोडलं." विषय संपला. माझं दूध आटलं. रगताचा शेवटचा निकाल अजून यायचा हाय.

मग दवाखाना तपासायला सरकारी तपासणीवाले आले. त्या दिवशी कपाट उघडलं. आमाला जाड मोजे घालायला लावले, भिंतीवरच्या 'कर्मचाऱ्यांची सुरक्षा प्रथम' या पाटीखाली रांगेत उभं केलं, फोटो काढले. दरवेळी असंच असतं. गाडी फाटकाबाहेर गेली की बाई खोका घेऊन येते आन् मोजे उतरवून घेते.

आली. बाकीच्यांनी मोजे काढून खोक्यात टाकले. मी हात मागं घेतले.

"काढ गं मावशी."

"नाय देत."

"चोरी करतेस? दवाखान्याचे आहेत ते."

"हात माझे हायेत."

शेजारची मला कोपरानं ढोसत पुटपुटली, "गप बस, काम जाईल." बाईनं माझं मनगट धरलं. मी झटकलं. डॉक्टर दारात येऊन थांबला. या खेपेला हसला नाय. मला म्हणाला, "उद्यापासून येऊ नकोस."

येणार. हेच मोजे घालून येणार. मोजे काढून घ्यायचे आसतील तर तपासणीवाल्यांसमोर घ्या, मी त्यांना बी गाठणार हाय. आन् पिशवीत उघडी सुई दिसली तर ती पिशवी मी वॉर्डाच्या मधोमध ठेवीन. ज्यानं सुई टाकली त्यानं ती उचलायची. उघड्या हातानं.