ताईने टाळलेली तपासणी

माझी ताई स्तनांच्या कर्करोगावर संशोधन करते. घराण्यातून चालत आलेला जनुकातला दोष असलेल्या बायकांपैकी कुणाची फक्त गाठ काढली, कुणाचा पूर्ण स्तन काढला आणि पुढे वर्षानुवर्षं त्या कशा आहेत, याचा ती पाठपुरावा करते. ही सवय तिने घरीही आणलीय. कुणाशीही ओळख झाली की दुसऱ्याच वाक्याला, "तुमच्या मावशी कशाने गेल्या?" माझं लग्न ठरत होतं तेव्हा तिने माझ्या होणाऱ्या सासूबाईंनाही हेच विचारलं. त्यांची मावशी शेजारच्याच खुर्चीत बसली होती.

ताईला मूलबाळ नाही. माझ्या दोन मुलींवरच ती हक्क गाजवते. बाकी तिचा संसार म्हणजे लॅबमधले फ्रीज आणि जुन्या पेशंट बायकांना केलेले फोन. हात डोक्यापर्यंत जातो का, व्रण ओढल्यासारखा वाटतो का, इथून सुरुवात होते आणि गाडी सुनेच्या तक्रारींवर घसरते. ताई सगळं शांतपणे ऐकते. माझं मात्र एक वाक्यही पुरं होऊ देत नाही.

मागच्या वर्षी आमच्या आत्याला गाठ आली. ऑपरेशन झालं, आत्या सावरली, पण तपासणीत तो दोष सापडला. ताई म्हणाली, "हा बापाकडूनही येतो. बाबांमध्ये असेल, तर आपल्यात येण्याची शक्यता अर्धी." बाबा जाऊन बरीच वर्षं झालेली. राहिलो आम्ही दोघं.

इतक्या बायकांना रक्त द्यायला पटवणारी ताई स्वतःच्या वेळी टंगळमंगळ करू लागली. आधी फ्रीज बिघडला. मग नळ्या संपल्या. नळ्या आल्या, तर म्हणे संशोधकाचंच रक्त घेतलं की अभ्यासात पक्षपात होतो.

"सरळ सांग ना, टरकलीयेस," मी म्हटलं.

"हो. खूप," ती म्हणाली. मला वाटलं होतं भांडेल.

शेवटी आत्यानेच तिला धरून खुर्चीत बसवलं. "माहिती हाताशी असली की उपाय करता येतो, असं तूच मला ऐकवलं होतंस. तेव्हा तुझा गळा दाबावासा वाटला होता. आता हात पुढे कर." शीर कुठे शोधायची हे ताई नर्सला शिकवू लागली, तेव्हा आत्याने तिच्या तोंडावर हात ठेवला. मी दारात उभा राहून हसत होतो.

"दात काय काढतोस? तूही बस," आत्या म्हणाली.

"मी कशाला? पुरुष आहे मी."

तिघींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने बाही वर केली.

रिपोर्ट आले. ताईमध्ये दोष नव्हता. मी तिच्या पाठीवर थाप मारली, आज जेवण तुझ्याकडून म्हणालो. ताई हसेना. ती माझा रिपोर्ट वाचत होती.

"आहे?" मी विचारलं.

तिने होकारार्थी मान हलवली. मग नेहमीच्या सुरात सांगू लागली, की पुरुषांना धोका त्यामानाने कमी असतो, वेळच्या वेळी तपासण्या केल्या की झालं.

"आणि मुलींचं?"

"मोठ्या झाल्या की त्यांचं त्या ठरवतील," एवढं ती म्हणाली आणि माझा हात धरून रडायला लागली. "माझ्यात असता तर माझ्यापाशीच संपला असता रे."