ट्रॅक्टर ऐकायला गेलेले आप्पा

आप्पा मोहिते कुणाच्याही घरी आले की आधी फ्रिजला भेटत. दाराशी बूट काढायचे, "काय, बरं आहे ना?" असं यजमानांकडे न बघताच विचारायचं आणि थेट स्वयंपाकघरात जाऊन फ्रिजच्या कुशीला कान लावायचा. घरची बाई कढई सरकवत असली तर तिला बोटानं गप्प करायचं. मग निदान. "धाप लागलीय बिचाऱ्याला. उन्हाळ्यापर्यंत निभावेल." आमच्या फ्रिजबद्दल ते असं म्हणाले तेव्हा मी मनसोक्त हसलो होतो. उन्हाळा लागला, आमच्याकडे पाहुणे जेवायला यायचे होते, आणि मी ओट्याशी उभा राहून भांडंभर श्रीखंड पातळ होताना बघत होतो. आप्पा पाहुण्यांतच होते. त्यांनी पियूष समजून दोन पेले घेतले, पण एका शब्दानं बोलले नाहीत. हा त्यांचा मोठेपणा.

ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरला एका अंगाला प्रिन्स्टन जंक्शनचं स्टेशन, दुसऱ्या अंगाला मक्याची आणि बटाट्याची शेतं, आणि मधे आम्ही मोजकी मराठी घरं. आमच्या गणपतीला जमणाऱ्यांत निम्मे खरेखुरे डॉक्टर असत, पण "डॉक्टर!" अशी कुणी हाक मारली की वळून बघत ते आप्पा. प्रत्यक्षात ते एका रिसर्च लॅबमध्ये इंजिनिअर होते. तपासण्यासाठी त्यांना दुसरं काही लागायचं नाही, फक्त कान.

दुसरी खोड म्हणजे ते काही पुसू देत नसत. माझ्या गाडीतून तेल गळतंय म्हणून एकदा त्यांना बोलावलं आणि ते यायच्या आत, आपली अब्रू राखावी म्हणून, गॅरेजची फरशी साबणानं घासून ठेवली. आप्पा आले आणि खाली बघून त्यांचा चेहराच पडला.

"डाग कुठाय?"

"पुसला ना. म्हटलं तुम्ही येणार."

"अरे, गाडी तुला सांगत होती कुठं दुखतंय ते. तू तिचं तोंड पुसलंस आणि गप्प बसवलंस." मग त्यांनी सोबत आलेल्या आपल्या बायकोकडे, शालिनीकाकूंकडे बघितलं. "याला इंजिनिअर कुणी केला?"

"ते कॉम्प्युटरवाले आहेत हो," काकू म्हणाल्या. हे त्या माझी बाजू घेण्यासाठी म्हणाल्या होत्या, असं मी आजवर मानत आलो आहे.

आता ट्रॅक्टरबद्दल. न्यू जर्सीच्या दक्षिणेला जुन्या इटालियन शेतकऱ्यांची वस्ती आहे. तिथल्या एका घरचा ट्रॅक्टर विकायचा असल्याची चार ओळींची जाहिरात आप्पांनी कुठल्याशा शेतीच्या पेपरात वाचली. इटलीत बनलेला, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचा, एकाच सिलिंडरचा. मूळ मालकानं तो बोटीतून सोबत आणला होता. त्याला कुणी रंग दिलेला नव्हता, काही बदललेलं नव्हतं, होता तसा शेडमध्ये उभा. आप्पांची मुलगी मीना तेव्हा हायस्कुलात होती. ती म्हणाली, "डॅड, वी हॅव अ लॉनमोअर." काकूंचं म्हणणं त्याच अर्थाचं, पण जास्त सविस्तर होतं.

कारण आप्पांनी मला सांगितलं ते स्टेशनच्या पार्किंग लॉटमध्ये, गाडीच्या टपाकडे बघत. त्यांचे वडील कराडजवळच्या एका गावात पिठाची गिरणी चालवायचे. गिरणीला तसलंच एका सिलिंडरचं इंजिन होतं. आधी त्याचं डोकं आगीनं तापवायचं आणि मग चाकाला झोका देऊन चालू करायचं. धुराड्यावर मडकं पालथं घातलेलं असायचं, त्यामुळे इंजिनाचा आवाज शिवेपर्यंत जायचा आणि बायका दळण घेऊन निघायच्या. पुढं गावात वीज आली, इंजिन भंगारात गेलं. वडील वारल्याची तार अमेरिकेत पोचली तेव्हा सगळं उरकून गेलं होतं.

"मला त्यांचा चेहरा आठवतो," आप्पा म्हणाले. "पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया आठवतात. इंजिनाचा आवाज आठवत नाही. अरे, सगळ्या दुनियेचे फ्रिज ऐकत हिंडतो, आणि बापाच्या इंजिनाचा आवाज आठवत नाही. हा ट्रॅक्टर त्याच जातीचा आहे. एकदा चालू झाला की येईल ध्यानात."

मी काहीतरी समजूतदार बोलणार होतो, पण माझी ट्रेन आली.

ठरल्या रविवारी आप्पांनी भाड्याचा ट्रक आणि त्यामागे ट्रेलर घेतला. मला सोबत नेलं ते माझ्या वजनासाठी. ट्रेलरवर काही चढवताना एका टोकाला जड माणूस उभा केलेला बरा असतो, असं त्यांचं म्हणणं. मागून स्टेशन वॅगनमधून काकू येत होत्या, पुऱ्या-भाजी, नारळ आणि हळदकुंकू घेऊन. नवं वाहन पूजेशिवाय घरी आणायचं नाही, हा आमच्या सगळ्यांचाच रिवाज होता. डीलरच्या अंगणात चाकाखाली लिंबू ठेवून सेल्समनचे चेहरे आम्ही कितीदा पाहिले होते.

शेतावर टोनी नावाचा पन्नाशीचा माणूस भेटला. ट्रॅक्टर त्याच्या वडिलांचा. वडील आदल्या वर्षी वारले होते. शेडच्या दाराशी खुर्ची टाकून त्याची आई बसली होती. तिला सगळे नोना, म्हणजे आजी, म्हणत. काळा झगा, काळे मोजे, इंग्रजी जेमतेम. टोनीनं आम्हाला आधीच सांगितलं, "विकायचं मी ठरवलंय, पण द्यायचं की नाही ते ती ठरवेल. दोघांना तिनं परत पाठवलंय. ते रंगवून जत्रेत मिरवणार होते."

ट्रॅक्टर बघून माझी निराशा झाली. गंज, ग्रीसचे थर, मूळचा निळसर रंग असलाच तर ठिगळाठिगळानं, आणि पुढं रागीट बोकडासारखं एक गोल थोराड डोकं. आप्पा मात्र त्याच्याभोवती पाय न वाजवता फिरले. डाव्या बाजूच्या मडगार्डवर एके ठिकाणी हात टेकून टेकून लोखंड गुळगुळीत झालं होतं. तिथं ते थांबले, हात न लावता वाकून बघितलं आणि नोनाला म्हणाले, "तुमचे मिस्टर डावरे होते?"

टोनीनं भाषांतर केलं. नोनानं पहिल्यांदाच मान वर करून आप्पांकडे नीट बघितलं. मग हसली. म्हटलं, झालं काम.

तेवढ्यात शालिनीकाकूंनी पूजेची तयारी केली होती. आम्ही बोलत होतो तोवर त्यांनी ट्रॅक्टरच्या त्या गोल डोक्यावर कुंकवानं ठसठशीत स्वस्तिक काढलं.

नोना उठली. खुर्ची मागे पडली. "नो! नो! नो!" तिचा चेहरा पांढरा पडला होता, आणि ती टोनीला इटालियनमध्ये जे बोलत होती त्यातलं काही कळत नसतानाही सगळं कळत होतं. टोनीनं आमच्याकडे न बघता सांगितलं, "तिच्या भावाला जर्मनांनी नेलं होतं. त्यांच्याच अंगणातून. ती म्हणते, तुम्ही जा."

आणि इथं मी तोंड उघडलं. हे आमचं चिन्ह हजारो वर्षं जुनं आहे, त्याचा अर्थ शुभ असतो, नाझींचं तिरकं, आमचं सरळ, असं व्याख्यान मी सुरू केलं. हवेत बोटानं आकृतीही काढली. म्हणजे जे एकदा झालं होतं ते मी पुन्हा करून दाखवलं.

"गप्प बस," आप्पा म्हणाले. "तिनं अंगणात पाहिलंय, तू पुस्तकात वाचलंयस."

त्यांनी खिशातून रुमाल काढला, तिथल्या डब्यातल्या डिझेलमध्ये बुडवला आणि ट्रॅक्टरपाशी गेले. काकूंच्या ध्यानात आलं. "अहो, कुंकू पुसताय?" असलं काही आपल्या माणसाच्या हातून घडू नये म्हणून बायका काय काय जपतात, ते मला त्या एका वाक्यात ऐकू आलं.

"कपाळावरचं नाही पुसत, शालू. लोखंडावरचं पुसतोय."

ज्या माणसानं आयुष्यात कुठल्या यंत्रावरची धूळ झटकू दिली नव्हती, तो घासून घासून पुसत होता. कुंकवाबरोबर पन्नास वर्षांचा थर गेला. खाली तळहाताएवढा स्वच्छ निळा रंग निघाला. आप्पा मागे सरले, नोनासमोर उभे राहिले आणि "सॉरी" एवढंच म्हणाले. मग ट्रकची किल्ली माझ्या हातात दिली. "चल."

आम्ही निघालोच होतो. पण नोनाचं लक्ष आप्पांकडे नव्हतं, काकूंकडे होतं. काकू तबक पदराखाली धरून तोंड फिरवून उभ्या होत्या. नोना हळूहळू चालत ट्रॅक्टरपाशी गेली, अवजारांच्या पेटीतून एक काळवंडलेली पत्र्याची तसबीर काढली आणि त्या निळ्या डागावर टेकवून ठेवली. कुणी संत होता, पायाशी डुक्कर असलेला. टोनी म्हणाला, दर हिवाळ्यात पाद्री येऊन जनावरांना आशीर्वाद देई, आणि वडील ट्रॅक्टरही रांगेत उभा करत. नोनानं काकूंना हातानं खूण केली. या, करा.

काकूंनी संताला हळदकुंकू वाहिलं, डुकराला चुकवून. नारळ फोडला. टोनीनं खोबरं खाल्लं आणि अजून मागितलं.

मग नोनाची अट आली. न्यायचा तर न्या, पण आधी इथं चालू करून दाखवा.

डोकं तापवायचा ब्लोलॅम्प म्हणजे आपल्या स्टोव्हचाच दांडगा भाऊ. तो काही केल्या पेटेना. आप्पांनी पंप मारला, टोनीनं मारला, मी मारला आणि दम लागून बसलो. शेवटी काकूंनी बांगडीतली सेफ्टी पिन काढून त्याच्या तोंडात फिरवली आणि म्हणाल्या, "दादरला दोन खोल्यांत संसार केलाय मी. सरका." निळी ज्योत फुत्कारली. डोकं तापलं. आप्पांनी स्टीअरिंगचं चाक दांड्यासकट उपसून बाजूच्या जड चाकात बसवलं, तसंच असतं ते, आणि झोके द्यायला लागले. एक, दुसरा. तिसऱ्याला ट्रॅक्टर खोकला, शेड धुरानं भरलं, आणि ढब्ब, ढब्ब, ढब्ब, जमिनीतून माझ्या दातांपर्यंत आवाज चढला.

नोनानं मडगार्डच्या त्या गुळगुळीत जागेवर हात ठेवला आणि डोळे मिटले. आप्पांनीही मिटले होते. मी डोळे उघडे ठेवले, कारण मला त्या धुरातून बाहेर पळायचं होतं.

परतीच्या वाटेवर ट्रक आप्पा चालवत होते, आत आम्ही दोघंच होतो. मागं ट्रेलरवर ट्रॅक्टर, त्यामागं काकू. टर्नपाइकच्या महामार्गाला लागल्यावर आप्पा म्हणाले, "हा तो आवाज नव्हे."

एवढं सगळं करून हा तो आवाज नव्हे!

"हा सरळ चालतो. आमचं इंजिन असं नव्हतं. बाबांच्या इंजिनाला..." ते थांबले. स्टीअरिंगवर बोटं वाजायला लागली. "त्याला चौथ्या ठोक्याला उचकी लागायची. पुक्, पुक्, पुक्, हुप्. पुक्, पुक्, पुक्, हुप्." ते माझ्याकडे वळले, ट्रक बाजूच्या लेनमध्ये शिरला, कुणीतरी हॉर्न मारला. "आठवलं! अरे, आठवलं मला!" आणि एक्झिट येईपर्यंत तो पन्नाशीचा इंजिनिअर तोंडानं गिरणी चालवत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते मात्र त्यांनी पुसलं नाही, कारण दोन्ही हात ताल धरण्यात गुंतले होते. ट्रक कोण चालवत होतं, कोण जाणे.

पुढं आप्पांनी ट्रॅक्टर एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या शेडमध्ये ठेवला, आणि नोना होती तोवर वर्षातून एकदा तिला आणून ऐकवला. स्वतः फारसे लावत नसत. त्यांचं काम झालं होतं.

आप्पा गेले त्यानंतरच्या हिवाळ्यात मला ऑफिसात मीनाचा फोन आला. तिला मुलगा झाला होता. ती काकूंना आप्पांच्या लहानपणाबद्दल विचारत होती, आणि काकूंनी सांगितलं होतं, त्यांनी ट्रकमध्ये काढलेला गिरणीचा आवाज मी कधी ऐकला नाही, मी मागच्या गाडीत होते.

"काका, आई सेज यू आर द ओन्ली वन हू हर्ड इट."

काचेच्या पलीकडे माझे सहकारी मीटिंगसाठी जमत होते. मी त्यांच्याकडे पाठ केली, रिसीव्हर तोंडाशी धरला आणि सुरू केलं. पुक्, पुक्, पुक्, हुप्. पलीकडं इतका वेळ चाललेलं बाळाचं रडणं थांबलं. मीनानं विचारलं, "मोठ्यानं करता?"

मी मोठ्यानं केलं.