शनिवारी लिहिलेलं पान

माझ्या अक्षरातलं पान त्याने दोन बोटांत धरून भर सभेत वर केलं. म्हणाला, "हे गाणं या बाईंनी काल माझ्यासमोर उतरवून दिलं. काल वार कोणता होता? शनिवार. खरा यहुदी शनिवारी लेखणीला हात लावत नाही. तेव्हा ही मंडळी नावापुरतीच यहुदी म्हणायची."

लोक हसले. जळगावच्या ज्या मुलींच्या शाळेत मी शिकवते, तिथलाच मोठा वर्ग. वकील, डॉक्टर, आमच्या हेडमास्तरीणबाई, सगळे होते. मी तिसऱ्या बाकावर.

हा विद्यापीठात यहुद्यांचा इतिहास शिकवणारा प्रोफेसर. विलायतेत राहून हिब्रू शिकलेला. पाचच मिनिटांपूर्वी, जर्मनीतून यहुद्यांना हाकलतायत हे सांगताना त्याने डोळ्यांना रुमाल लावला होता. मीही डोळे पुसले होते. मूर्ख मी.

आम्ही बेने इस्राएल, मूळचे कोकणातले यहुदी. आजोबांचा तेलाचा घाणा शनिवारी बंद, म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं. वडील रेल्वेत लागले आणि आम्ही खानदेशात आलो. जळगावात आमची चार घरं. प्रार्थनेला जागा नाही, कबरस्तान नाही. वडील गेले तेव्हा ख्रिस्ती लोकांच्या हातापाया पडून त्यांच्या कबरस्तानात भिंतीकडेला जागा मिळवली. तिथल्या वहीत वडिलांच्या नावापुढे लिहिलं, उपरा.

आता आई अंथरुणाला खिळली होती. वैद्याने हात टेकले होते. तिचं एकच मागणं, "मला दुसऱ्याच्या दारात निजवू नको, बाय." मी म्युनिसिपालटीत आमच्या कबरस्तानासाठी चार हात जागेचा अर्ज दिला. तिथला कारकून म्हणाला, "तुमचा धर्म वेगळा आहे, असं एखाद्या विद्वानाचं पत्र आणा. मग बघू."

आणि हा विद्वान आपल्या पायाने घरी आला. शनिवारी, दुपारी. मालिदा या आमच्या नवसाच्या विधीत आम्ही एलियाहू हन्नबी या प्रेषिताचं गाणं म्हणतो. पोह्यांत गूळ-खोबरं कालवायचं, फळं मांडायची, इथे रावेरची केळी असायचीच, आणि आई गायची. ते गाणं त्याला हवं होतं, मला पत्र; तसं मी त्याला आल्याआल्या सांगितलंही. आईने खाटेवर पडल्या पडल्या म्हणून दाखवलं. शनिवारी गायला आमच्यात बंदी नाही. लिहायला आहे.

"उतरवून द्या," तो म्हणाला.

"आज आमचा शनिवार आहे, साहेब. उद्या सकाळी देते."

"उद्या मला व्याख्यानाची तयारी करायची आहे. विद्येच्या कामाला चालतं, बाई. पत्राचंही मग बघू."

पत्र. तो शब्द ऐकला आणि मी दौत काढली. आई म्हणाली, "नको लिहू, बाय." मी लिहिलं. तिच्यासाठीच लिहिलं, आणि तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. शनिवार मोडतो हे त्या माणसाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्याचाच तर त्याला पगार होता. त्याने मला मुद्दाम फसवलं की व्याख्यान रंगवायला ऐन वेळी सुचलं, मला माहीत नाही. मला दोन्ही सारखंच.

सभा संपल्यावर तरी मी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले. लाज गिळून. आई मरत होती ना.

"साहेब, पत्र."

"माझ्या सहीला किंमत आहे, बाई. आताच सगळ्यांसमोर बोललो ते उलटं कसं लिहून देऊ?" मग पान पिशवीत घालत म्हणाला, "तुमच्या आईकडची उरलेली गाणी मात्र पाठवा. फार दुर्मिळ आहेत."

तिथे माझं डोकं फिरलं. मी नाही यहुदी, पण माझी गाणी यहुद्यांची!

मी त्याच्या पिशवीत हात घातला. पान काढून घेतलं. "अहो, ते संशोधनाचं आहे," तो म्हणाला.

"ते माझ्या आईचं आहे. उरलेलं एक अक्षर मिळणार नाही."

हेडमास्तरीणबाई मागून ओरडत होत्या. मी वळूनही पाहिलं नाही.

घरी शेजारच्या अक्का आईपाशी बसल्या होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "त्याले सांग, माले ईचार. तुम्हनी चूल शनवारले पेटस नही, बठ्ठी गल्लीले ठाऊक शे." दुसऱ्या दिवशी त्यांनी तसं लिहिलेल्या कागदांवर साऱ्या गल्लीतल्या बायकांचे अंगठे घेऊन दिले. मी ते कागद म्युनिसिपालटीत नेले. कारकून म्हणाला, "शेजारणींचं काय धरायचं?"

आई गुरुवारी गेली. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. भुसावळहून रेल्वेतले आमचे लोक आले तेव्हा दहा झाले. तिला वडिलांशेजारी, त्याच भिंतीकडेला ठेवली. ती माझ्याशी शनिवारपासून बोलली नव्हती. न बोलताच गेली. ते पान मी तिच्याबरोबर पुरलं.

वही आली. कबरस्तानाच्या माणसाने विचारलं, "उपरी लिहू?"

"लिहा," मी म्हटलं. "दुसरा शब्द आज तुमच्याकडे नाही."

तेव्हापासून दर सोमवारी मी म्युनिसिपालटीच्या दारात उभी असते. अर्ज तोच, सही माझी. विद्वानाचं पत्र जोडत नाही. शाळेने काढून टाकलं तरी येईन. कारकून बदलेल, साहेब बदलेल, मी येईन. आईला मी उपरी पुरली. मला कुणी उपरी पुरणार नाही.