राईतली दुसरी बाटली
स्पिरिटच्या बाटलीचं झाकण उघडलं, की तो वास मला आहुप्याच्या देवराईतल्या ओढ्यावर नेऊन सोडतो. ओढा निरोगी आहे का, हे पाण्यातल्या किड्यांवरून कळतं. म्हणून मी गार पाण्यात दगड उलटे करून किडे स्पिरिटमध्ये टाकत होते. एक बाटली भरून पिशवीत गेली होती, दुसरी हातात होती. वाट दाखवायला आलेल्या मावशींनी राईबाहेरच चपला काढल्या होत्या. मी मात्र गमबुटात. "ताई, बाटलीत काय हाय?" त्यांनी विचारलं. "किडे. पुण्याला नेऊन तपासायचेत." त्या उठून उभ्याच राहिल्या. "राईतलं वाळकं पानबी आमी घरला नेत न्हाई. सोडा त्यान्ला." मी हातातली बाटली ओढ्यात रिकामी केली. मेलेले किडे वाहत गेले आणि मावशींनी हात जोडले, "गेलं बिचारं आपल्या घरी." पिशवीतली बाटली राईबाहेर पडेपर्यंत किडे उचलायच्या चिमट्यावर आपटून किणकिणत होती, आणि पुढे चालणाऱ्या मावशी आता वळतील, आता वळतील, या धास्तीनं मी अंतर ठेवून चालत होते. त्या वळल्या नाहीत. पुण्यात त्या बाटलीतले किडे तपासले आणि ओढ्याला पैकीच्या पैकी गुण मिळाले. तपासणीच्या तक्त्यात 'माणसाची ढवळाढवळ' असा एक रकाना असतो. तिथे मी 'अजिबात नाही' लिहिलं होतं. आजही तो रकाना आला, की माझा हात थबकतो.