सात घरची कुंची

आमच्या गावात पहिला मफलर माझ्या गळ्यात आला. आज सांगताना बढाई वाटेल, अन् तेव्हा ती बढाईच होती. अमरावतीला कॉलेजात असताना घेतलेला, तपकिरी लोकरीचा, टोकांना गोंडे असलेला. गावात थंडी पडली की पुरुष डोक्याला दुपट्टा गुंडाळत आणि त्याचं टोक हनुवटीखालून काढून कानाशी खोचत. म्हातारे घोंगडीत बसत. बाळंतिणीच्या डोक्याला कानांवरून जुनं फडकं बांधलेलं असे. मफलर कोणाकडेच नव्हता. वांग्या-मिरच्यांच्या वाफ्यांत वाढलेला पोरगा बी.ए. झाला हे लोकांना नुसतं गळ्याकडे पाहून कळावं, असं मला वाटे.

मेहकर तालुक्यातलं आमचं गाव माळावर. पौषात उत्तरेचा वारा सुटला की कुडाच्या भिंतीतून आरपार जाई. सकाळी रस्त्याच्या कडेला कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या शेकोट्या पेटत, अन् तिथे बसलेली माणसं मला पाहून म्हणत, बीए आला, सरका बे थोडं. मी बसत नसे. मी गावच्या नव्या शाळेत मास्तर होतो.

शाळेत पहिल्याच हिवाळ्यात मी नियम केला, की वर्गात कानाला काही बांधून बसायचं नाही. पोरं आईच्या लुगड्याचे, बापाच्या धोतराचे तुकडे डोक्याला करकचून बांधून येत. त्यांना धुराचा अन् तेलाचा वास येई, नाकही त्यालाच पुसलेलं असे. मला ते गावंढळ वाटे. मी त्यातूनच वर आलो होतो, म्हणून जास्तच वाटे. एका पोरानं फडकं सोडलं नाही. मी त्याच्या जागेवर गेलो, हनुवटीखालची गाठ माझ्या हातानं सोडली आणि ते निळं फडकं खिडकीतून बाहेर टाकलं. माझ्या गळ्यात मफलर होता. पोराचे कान लालभडक झालेले मला दिसले. मी फळ्याकडे वळलो.

त्याच हिवाळ्यात आमचं दुसरं लेकरू झालं. पहिलं बायकोच्या माहेरी होऊन तिसऱ्या दिवशी गेलं होतं. या वेळी बाळंतपण आमच्याच घरी. आईनं चालीप्रमाणे बाजेखाली शेगडी ठेवली, ओव्याची धुरी दिली, खिडकीला पोतं लावलं, बायकोच्या डोक्याला फडकं बांधलं. मी आरोग्याचं पुस्तक वाचलेलं. धुरानं लेकराची छाती भरते, मोकळी हवा पाहिजे, म्हणत मी शेगडी उचलून ओट्यावर नेली. पोतं काढलं. बायकोला म्हटलं, ते फडकं सोड, आजाऱ्यासारखी दिसतेस. तिनं सोडलं. ती माझं सगळं ऐकत असे. मी तिच्यापेक्षा शिकलेला होतो.

लेकरू आठव्या दिवशी गेलं. मुलगा होता. पहाटे आईनं हात लावला तर पाय दगडासारखे.

घरात मला कोणी काही म्हटलं नाही. आई नाही, बायको नाही. वडील तर मळ्यातच राहू लागले. कोणीतरी एकदा तोंडावर बोललं असतं तर मी पुस्तक काढून वाद घातला असता. पुस्तकात तसं लिहिलेलं होतंच. फक्त पौषातला कुडाच्या घरातला वारा त्या पुस्तकात नव्हता.

दोन वर्षांनी तिसरं. दिवस भरायच्या महिनाभर आधी, पुन्हा ऐन पौषात. मुलगी. माझ्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत भरली नसती. रडायचीसुद्धा नाही, मांजरीच्या पिलासारखी कुणकुण करायची. दूध ओढायची ताकद नव्हती, म्हणून बायको कापसाच्या बोळ्यानं थेंब थेंब तोंडात सोडायची. हातापायांची बोटं निळी पडत. चोळली की लाल होत, सोडली की पुन्हा निळी.

मी एसटीनं मेहकरला गेलो. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सगळं विचारून घेतलं. म्हणाले, अकोल्याला मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं, पण एवढ्या थंडीत एवढा प्रवास ती काढणार नाही. घरीच ठेवा, कापसात ठेवा, ऊब सोडू नका. मी विचारलं, जगेल का? त्यांनी पुन्हा एकदा ऊब सोडू नका म्हटलं. परत येताना तिच्यासाठी बाजारातून लोकरीचं टोपरं आणलं. घरी आल्यावर माझा मफलरही काढला अन् तिच्याभोवती गुंडाळला. माझ्याकडे त्याहून गरम काही नव्हतं. सकाळपर्यंत तिच्या गालाला अन् मानेला लाल चट्टे उठले. लोकर टोचत होती. तिची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी होती.

आईनं मफलर सोडवून खुंटीला टांगला आणि म्हणाली, नवं, विकतचं तिच्या अंगाला लागू द्यायचंच नाही. दोन गेलेल्या घरात तिसऱ्याला मागून आणलेलं घालतात. सात घरच्या चिंध्या आणायच्या, त्यांची कुंची शिवायची, डोक्यापासून पाठीपर्यंत. ज्या घरची सगळी लेकरं जगली, अशीच घरं घ्यायची. मागायला बापानं जायचं, हातात सूप घेऊन, अन् डोक्याला-गळ्याला काही न बांधता.

मी म्हटलं, मी जाणार नाही. ही अंधश्रद्धा आहे. मी या गावचा मास्तर आहे, ज्यांच्या दारात जायचं त्यांची पोरं माझ्यापुढे बसतात. चिंध्याच पाहिजेत तर घरात कमी आहेत का?

आईनं शेगडीतले निखारे वर-खाली केले. मग माझ्याकडे न पाहता बोलली.

"मागच्या खेपेला तुह्यं आयकलं, बाप्पा. शेगडी नेली, खिडकी उघडली. मी तुले काही म्हटलं काय? या खेपेला माह्यं आयक."

बाजेवर बायको होती. डोक्याला फडकं घट्ट बांधलेलं, लेकराला कापसासकट छातीशी धरलेलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, अन् मी सूप उचललं.

आयुष्यात मी बरंच चाललो आहे. परीक्षेला मैलोन् मैल पायी गेलो आहे. पण त्या सकाळसारखं चालणं दुसरं नाही. ऊन नुसतं दिसायला होतं. उघड्या मानेवर वारा सुरी लावल्यासारखा लागत होता. कान आधी दुखले, मग बधिर झाले. शेकोटीजवळची माणसं उठून उभी राहिली. सूप पाहून त्यांना कळलंच. त्या दिवशी कोणी बीए म्हटलं नाही, अन् तेच मला जास्त लागलं.

शेजारच्या काकूनं पातळाचा काठ दिला. दुसऱ्या घरी धोतराची पट्टी मिळाली. प्रत्येक दारात म्हणायचं असतं, लेकरू जगवाचं हाये, चिंधी द्या. पहिल्या दारात माझ्या तोंडून ते शुद्ध भाषेत निघालं, जगवायचं आहे वगैरे, अन् काकूला क्षणभर कळलंच नाही मी काय मागतो आहे. तिसऱ्या घरचा कर्ता माणूस ओट्यावरच दाढी करत होता. त्यानं आरशातूनच विचारलं, पोरगा का पोरगी?

पोरगी, म्हटलं.

"पोरीसाठी काऊन हिंडून राह्यले मग, गुरुजी? पोरगा असता तं गोष्ट येगळी व्हती."

त्याच्या बायकोनं आतून येऊन चोळीचा तुकडा सुपात टाकला अन् त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा दाढीला लागला. चौथ्या दारात माझी विद्यार्थिनी उभी होती. तिनं तोंडावर हात धरून आत पळ काढला, हसू लपवायला की रडू, ते काही कळलं नाही. पाचव्या घरची म्हातारी मात्र सुपाला हातही लावेना. आमच्या घरचं नको बाप्पा, म्हणाली, आमचं एक गेलं, तुले माहीत नसन, तू शिकाले व्हता. मला खरंच माहीत नव्हतं. मी दार चुकलो होतो.

तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. एवढ्या वर्षांत मी कधी तसा विचारच केला नव्हता. ज्यांची सगळी लेकरं जगली अशी घरं आमच्या गावात जेमतेम सात होती. मी दारांवरून नजर फिरवत बोटांवर मोजत होतो. या घरी देवी आलेल्या, त्या घरी कावीळ, पलीकडे नुसतंच झोपेत. बहुतेक घरांत असं एखादं लेकरू गेलेलं होतं, त्याचं नाव कोणी काढत नसे. आमचं दुःख आम्ही एकट्याचं समजत होतो.

सहा चिंध्या झाल्या. सातवं घर गावाच्या टोकाला होतं. ज्याचं फडकं मी खिडकीतून टाकलं होतं त्या पोराचं. त्या घरी पाच लेकरं झाली आणि पाचही जगली होती. आठवं घर नाही हे ठाऊक असूनही ते शोधायला मी परत गावाकडे निघालो. खरंच निघालो होतो. दहा पावलं गेलो असेन, मग निळी पडलेली बोटं आठवली.

पोराची आई अंगणात तूर झोडत होती. मला पाहून तिनं हातातलं दांडकं खाली ठेवलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि या गुरुजी म्हणाली. मी म्हणायचं ते म्हटलं. या वेळी आपल्याच बोलीत निघालं. तिनं सुपाकडे पाहिलं, माझ्या उघड्या डोक्याकडे पाहिलं अन् आत गेली. येताना तिच्या हातात ते निळं फडकं होतं.

"वळखलं काय?" तिनं विचारलं. "थ्या दिवशी खिडकीखालून उचलून आणलं पोरानं. वास येते म्हणे तुम्हाले. मी सोड्यात उकळून घेतलं मंग."

माफी मागावी तर हातात सूप, आणि सूप घेतलेल्या माणसानं माफी मागणं म्हणजे चिंधीसाठीच मागितल्यासारखं झालं असतं. तिनं फडक्याची कड दातात धरली आणि टर्रकन मधोमध फाडलं. अर्धं सुपात टाकलं.

"अर्धं त्याले ठेवतो," म्हणाली. "हिवाळाभर कान दुखते त्याचे."

मी वळलो तेव्हा तिनं मागून विचारलं, "लेकरू हाये ना, गुरुजी?"

"हाये अजून," मी म्हटलं.

आईनं दुपारपर्यंत कुंची शिवली. घरात वेचणीचा कापूस पडलेला होता. त्यातली सरकी तिनं अन् बायकोनं बोटांनी काढली, पिंजून मऊ केलं आणि चिंध्यांच्या दोन थरांमध्ये भरून टाके घातले. निळा तुकडा कानांवर आला. बाजेखाली शेगडी होती, खिडकीला पोतं होतं. मी रोज सकाळी शाळेत जाण्याआधी कुंचीपाशी कान नेत असे. त्या चार पावलांना मला किती वेळ लागे, ते बायको सांगू शकेल. कधी श्वास लगेच ऐकू येई. कधी येत नसे, अन् मग मी तसाच वाकून उभा राही, बोट लावायची हिंमत होईपर्यंत.

संक्रांत गेली. माघ लागला. बोटांचा निळेपणा आधी हातांचा गेला, मग पायांचा. एक दिवस ती चांगली खणखणीत रडली आणि वडील मळ्यातून घरी जेवायला आले.

मी बी.ए. आहे. चिंध्यांनी लेकरू जगतं असं मी लिहिणार नाही. वापरून मऊ झालेलं सुती कापड, आत कापूस, बाजेखाली निखारे, आईचा हात. कारणं मला देता येतात. पण दुसऱ्या खेपेलाही मला कारणं देता येत होती. म्हणून मी गप्प बसतो. मफलर त्यानंतर मी गळ्यात घातला नाही. तो खुंटीवरच राहिला अन् कसरीनं खाल्ला. वर्गातला नियम मी मोडीत काढला, पण कोणाला तसं सांगितलं नाही. पोरं हळूहळू पुन्हा कान बांधून बसू लागली. त्या पोराच्या डोक्याला अर्धंच फडकं होतं, गाठ जेमतेम बसायची. त्यानं माझ्याकडे एकदाही वर पाहिलं नाही, अन् मीही त्याला कधी प्रश्न विचारला नाही.

पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी आमच्या दारात एक माणूस उभा राहिला. दुसरबीडच्या बाजूनं पायी आलेला, अनोळखी. डोकं उघडं, हातात सूप. कान काळेनिळे झालेले. मी त्याला म्हटलं, तुम्ही दार चुकला, आमची दोन गेली आहेत. तो म्हणाला, माहीत हाये. दोन गेल्यावर तिसरी जगली म्हणते, म्हणून तं आलो.

मुलगी तोवर घरभर रांगत होती. कुंची तिला लहान झालेली. आईनं ती काढली आणि टाके उसवू लागली. मी हळूच म्हटलं, निळा तुकडा तेवढा राहू दे. आईनं नेमका तोच उसवला.

"थोच तं कानावर व्हता," ती म्हणाली, आणि सुपात टाकला.

माणसानं तो उचलून छातीशी सदऱ्यात कोंबला. गरम चहा देतो म्हटलं तर थांबला नाही. अजून चार घरं राहिली म्हणाला. माळावरच्या वाऱ्यात उघड्या डोक्यानं चालत तो रस्त्याला लागला. मी दारात उभा राहून दिसेनासा होईपर्यंत पाहिलं. त्याचं लेकरू जगलं की नाही, मला कधी कळलं नाही.